टेंभुर्णीच्या चढावरचा थांबोबा

गुडीहत्नूरहून इंद्रवेल्लीकडं निघालं की मधे एक चढ लागतो. चढाच्या माथ्याशी टेंभुर्णीचं जुनं झाड आहे, म्हणून तो टेंभुर्णीचा चढ. बैलजोडी तो एका दमात चढते. सायकलवाला उतरून, सायकलीला हाताशी धरून, तिची समजूत काढत चढतो. आणि एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात भगवंतरावांची जीप मात्र तो माथ्याच्या वीस पावलं अलीकडपर्यंत चढायची, दोनदा खोकायची, एक उचकी द्यायची आणि बसकण मारायची. रोज. दुपारच्या फेरीला.

बंद पडली की अठरा माणसं उतरायची. जीप आठ माणसांची होती, पण ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. उतरलेल्यांपैकी एकजण झाडाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढं नारळ फोडायचा. खोबरं वाटलं जायचं, चहा व्हायचा, चार गावच्या सोयरिकी जुळायच्या आणि दोन मोडायच्या. मग भगवंतराव डोळे मिटून स्टार्टरवर पाय ठेवायचे. जीप सुरू! थांबोबा महाराजांचा जयजयकार करत अठराजण पुन्हा एकमेकांच्या मांडीवर बसायचे आणि जीप पलीकडच्या उतारानं इंद्रवेल्लीकडं धावत सुटायची.

या थांबोबाचं वय फक्त वर्षभराचं. आदल्या सालच्या होळीनंतर जीप तिथं पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आत प्रयागबाई नावाची म्हातारी होती. लेकीच्या ओटीसाठी घेतलेला नारळ तिच्या मांडीवर होता. अर्धा घंटा खटपट करूनही जीप हलेना, तेव्हा ती म्हणाली, "इथं कोण्या देवाचं ठाणं असन. तुमी लोकं त्याच्या डोक्यावरून गाड्या नेऊन राह्यले." आणि तिनं लेकीच्या ओटीचा नारळ दगडावर हाणला. पुढच्या क्षणी जीप सुरू झाली. लेकीला ओटी मिळाली नाही, पण तालुक्याला एक देव मिळाला.

या देवस्थानाची पुजारीण, आचारीण आणि बातमीदार अशी तिन्ही पदं एकाच बाईकडं होती. ती बयनाबाई.

बयनाबाईचं माहेर किनवटकडचं, बाजाराला लागून, अकरा माणसांचं. त्या घरात बोलायला पाळी लावावी लागे. पाळी येईपर्यंत विषय बदललेला असे. लग्न होऊन ती इकडं आली आणि तिला लक्ष्मणराव मिळाले. माणूस सोन्यासारखा, पण सोन्यासारखाच मुका. एका 'हूं'वर त्यांचा दिवस निघायचा. होकाराचा हूं वेगळा, नकाराचा वेगळा, भाजीत मीठ जास्त झाल्याचा त्याहून वेगळा. तीस वर्षांत बयनाबाईनं ही सगळी हुंकारांची बाराखडी पाठ केली होती, पण बाराखडीशी गप्पा मारता येत नाहीत. मुलगी मालन होती तोवर ठीक होतं. तीही लग्न होऊन उटनूरकडं गेली. मग चढाला लागून असलेल्या त्या शेतात दिवसभर बोलायला उरले ते पोपट.

कापसाच्या बाजूला ज्वारी, ज्वारीनंतर विहिरीच्या पाण्यावर थोडा मका. पोपटांची बारमाही सोय होती. बयनाबाई मचाणावर बसून गोफण फिरवायची आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण ते पडले रानचे पोपट. उलटून एक शब्द बोलत नसत. बयनाबाईचा जीव त्यानंच अर्धा व्हायचा.

अशात तिच्या बांधाशी अठरा बोलकी माणसं येऊन अडली. पहिल्या दिवशी तिनं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी चहा. आठव्या दिवशी चार मेढी रोवून वर सागाच्या पानांचं छप्पर घातलं, चूल मांडली, आणि लक्ष्मणरावांना गुडीहत्नूरच्या बाजारातून नारळ आणायला पिटाळलं. जीप थांबते म्हणून बैलगाड्या थांबू लागल्या, गाड्या थांबतात म्हणून सायकलवाले. कोणत्या तलाठ्याची, गिरदावराची बदली कुठं झाली, इचोड्याच्या बाजारात कोणाचं बियाणं उगवलं नाही, कोणाच्या पोरीला पाहायला आलेले पाहुणे कोणाच्या पोरीला पसंत करून गेले, सगळं बयनाबाईच्या छपराखाली आधी यायचं आणि मग गावात जायचं. पन्नाशीला आलेली बाई वर्षभरात दहा वर्षांनी लहान दिसू लागली.

थंडीत मात्र थांबोबा झोपला. कार्तिकापासून जीप चढावर खोकेनाच. भुर्रकन निघून जाऊ लागली. चार महिने चूल थंड, छप्पर ओसाड आणि बयनाबाई पुन्हा मचाणावर. संक्रांतीला तिनं पोपटांकडं तिळगूळ फेकून "गोड बोला" म्हटलं असं लक्ष्मणराव सांगतात. पण लक्ष्मणराव एवढं लांब वाक्य बोलत नसल्यामुळं ते खरं नसावं. फाल्गुनात उन्हं तापली, चढावर ओळखीचा खोकला ऐकू आला, आणि बयनाबाई मचाणावरून इतक्या घाईनं उतरली की शिडीच्या दोन पायऱ्या तिला लागल्याच नाहीत.

आता बयनाबाई देवाला मानणारी होती, पण मान खाली घालून डोळे मिटणारी नव्हती. तिच्या मनात एक खडा खुपत होता. सकाळच्या फेरीला जीप थांबत नाही. ढगाळ दिवशी थांबत नाही. थंडीत थांबत नाही. हा कसला देव, ज्याला फक्त उन्हात भूक लागते?

भगवंतरावांचं मत वेगळं. पस्तिशीचा उमदा माणूस, बोलायला गोड, आणि जीपवर त्याचा जीव. बापानं मिलिटरीच्या लिलावातून आणलेली ती पेट्रोलवरची जीप होती. बंद पडली की ते बॉनेट उघडायचे, पेट्रोलची नळी काढून गाल फुगेपर्यंत फुंकायचे आणि निकाल द्यायचे, "कचरा आला." आदिलाबादच्या एका मिस्त्रीनंही कचराच सांगितला होता, वर प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा धुतला. जीपमधलं एवढं सामान बदललं होतं की जुनं म्हणावं असं थोडंच उरलं होतं. आणि रोग त्या थोड्यातच होता.

एक गोष्ट मात्र भगवंतराव सगळ्यांना अभिमानानं दाखवायचे. इंजिनातून ऑइल मोजायची दांडी उपसायचे, बयनाबाईच्या फडक्याला पुसायचे, पुन्हा बुडवून काढायचे आणि उंच धरायचे.

"पाहा मावशी! लोकायच्या गाड्या ऑइल पेतात. माही देते! गेल्या महिन्यात इथं होतं, आता इथं आलं. न टाकता!"

"थांबोबाची बरकत," प्रयागबाई हात जोडून म्हणायची. तिची लेक इंद्रवेल्लीला असल्यामुळं ती आठवड्यातून दोनदा तरी जीपमध्ये असायचीच. आणि अठराजण माना डोलवायचे. गाय दूध देते, झाड फळ देतं, मग देवाच्या दारातल्या जीपनं ऑइल का देऊ नये?

चैत्रातल्या एका दुपारी जीप निघून गेल्यावर बयनाबाईनं ते मळकं फडकं चुलीत टाकलं. आणि 'भक्' असा आवाज होऊन चुलीतून जाळाचा असा लोळ उठला की तिची डावी भुवई अर्धी गेली.

बयनाबाई मागं सरकून बसली आणि उरलेल्या भुवईनं विचार करू लागली. जन्म गेला तिचा चुलीपुढं. तेलाचा बोळा कसा जळतो हे तिला ठाऊक होतं. कुरकुरत, धूर करत, सासुरवाशिणीसारखा जळतो. हा बोळा असा उडाला, म्हणजे यात नुसतं ऑइल नाही. यात पेट्रोल आहे. मग ऑइल वाढलं कुठं? पेट्रोल आपली वाट सोडून तिकडं पाझरतंय!

हे तर तिच्या शेतातलंच झालं. आपल्या वाफ्यात जायचं पाणी बांध फुटून शेजाऱ्याच्या शेतात जातं. आपला मका सुकतो, आणि शेजारी म्हणतो देवानं दिलं. जीपचा कुठलातरी बांध फुटला होता. ऊन तापलं की भेग वाढत होती, चढावर पेट्रोल कमी पडत होतं, आणि अर्धा घंटा चहात गेला की सगळं निवून पुन्हा चालत होतं.

एवढं कळलं आणि बयनाबाईनं हातातला चिमटा खाली ठेवला. कारण पुढचंही कळलं. बांध बुजला की जीप थांबणार नाही. जीप थांबली नाही की छप्पर ओसाड. चार महिन्यांची थंडी आता बारा महिन्यांची होईल.

ती गप्प बसली. एक दिवस नाही, दोन नाही, अकरा दिवस. बयनाबाईच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा मौनाचा काळ. रोज भगवंतराव नळी फुंकायचे, 'कचरा' म्हणायचे, आणि ती चुलीत तोंड घालून "हूं" म्हणायची. लक्ष्मणरावांनी ते एकदा ऐकलं आणि बायको आजारी आहे की काय म्हणून ते घाबरून गेले.

बाराव्या दिवशी जीपमधून फक्त सातजण उतरले. गुडीहत्नूरच्या सुधाकररावांनी नवी डिझेलची जीप आणली होती. ती चढावर थांबत नव्हती. लोकांची थांबोबावर श्रद्धा होती, पण ज्याला तहसील बंद व्हायच्या आत पोचायचं तो सुधाकररावांच्या जीपमध्ये बसायचा आणि थांबोबाला जाता जाता हात जोडायचा.

भगवंतरावांच्या हातातला चहा तसाच निवला.

"अक्षय तृतीया झाली की देऊन टाकतो, मावशी."

"काय देतं?"

"जीप. आदिलाबादचा कबाडी तोडून घेतो म्हणते. बाबानं आणलती. माह्या बहिणीची वरात तिच्यावरच गेली. पण किती दिवस लोकायले असं उन्हात उतरवू? कचरा निंघतच नाई तिच्यातला."

बयनाबाईच्या तोंडावर आलेलं वाक्य तिनं चहाबरोबर गिळलं. पण ते खाली उतरेना.

संध्याकाळी मक्याला पाणी देताना तिनं सगळं नवऱ्यापुढं ओतलं. बोळा, भुवई, बांध, कबाडी.

"जीप दुरुस्त झाली तं थांबणार नाई. नाई झाली तं येणारच नाई. दोन्हीकून माही चूल थंडीच. मंग मी बोलू काऊन?"

"हूं."

"हूं नोको! आज तोंडानं बोला. मी काय करू त्या छपराखाली येकटी बसून?"

लक्ष्मणरावांनी फावडं टेकवलं. मक्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागला.

"पोपट हायेत ना," ते म्हणाले.

त्यानंतर बयनाबाई जे बोलली ते लक्ष्मणरावांनी निमूट ऐकलं आणि पोपट घाबरून दुसऱ्याच्या शेतात गेले. पण राग उतरल्यावर तिला वाटलं, मुका माणूस बोलला ते खोटं नाही. दोन्ही वाटांच्या टोकाला पोपटच बसलेले. मग निदान ज्या वाटेवर भगवंताची जीप जिती राहते, ती तरी धरावी.

दुसऱ्या सकाळी जीप आली तेव्हा बयनाबाई रस्त्यातच उभी होती. "दांडी काढ," ती म्हणाली. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिनं दांडीवरचं ऑइल थेंबाथेंबानं निथळून घेतलं, एक फडकं भिजवून पदरात गाठ मारली आणि भगवंतरावांना काही न सांगता इचोड्याला गेली.

इचोड्याला हमरस्त्यावर लिंबाच्या झाडाखाली फकिरा मिस्त्रीचं काम चालायचं. ट्रकखाली झोपलेल्या माणसाचे फक्त पाय दिसले की समजावं, तो फकिरा. बयनाबाई त्या पायांशी जाऊन बसली.

"मिस्त्री, येक रोगी हाये."

"कोठं हाये?" पाय म्हणाले.

"घरी हाये. मी त्याची लघवी आणली."

पाय थबकले. मग हळूहळू फकिरा बाहेर आला. बयनाबाईनं बाटली पुढं केली.

"डाक्टर मांगते ना तपासाले? तसं आणलं. जीपचं हाये."

फकिरानं आधी बाटलीकडं, मग बाईच्या अर्ध्या भुवईकडं पाहिलं. बूच काढून वास घेतला. दोन बोटांत थेंब चोळला. ओठांवर येऊ लागलेलं हसू विरलं.

"याच्यात लय पेट्रोल हाये, बाई. गाडी कधी बंद पडते?"

बयनाबाईनं अकरा दिवसांचं साठलेलं सांगितलं. दुपार, ऊन, चढ, चहा, बरकत, बोळा, बांध. मधे दोन ट्रकवाले आपली कामं सोडून ऐकत उभे राहिले.

"तुमी गाडी शिकल्या कोठं?" फकिरानं विचारलं.

"चुलीवर."

"माह्या हाताखाली तीन जण शिकून गेले, त्यायले चूल दाखवाले पाह्यजे होती." फकिरानं जमिनीवर बोटानं एक वाटोळं काढलं. "टाकी खाली असते, इंजीन वर. पेट्रोल वर चढवाले इंजिनाच्या बाजूले येक लहान पंप असते. त्याच्या पोटात रबरी पडदा. तो खालवर हालते, पेट्रोल ओढते, फेकते. तो पडदा चिरला. अर्धं पेट्रोल वर जाते, अर्धं खाली ऑइलात."

"मंग बरकत?"

"बरकत नाई बाई, काळ हाये तो. पातळ ऑइलावर इंजीन खल्लास होते. हे वाचलं कसं याचंच मले नवल." तो थांबला. "तुमच्या चहानं वाचलं. रोज अर्धा घंटा निवत होतं ना."

हे ऐकून बयनाबाईला जितका आनंद झाला तितकंच रडू आलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि फडकंही फकिराला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फकिरा आपल्या लुनावरून चढावर आला. रोग अंगात असतानाच नाडी पाहावी असं त्याचं म्हणणं. जीप आली, खोकली, उचकी देऊन बसली. आठजण उतरले, त्यात प्रयागबाई.

"पह्यले चूल इझवा," फकिरा म्हणाला. "आता इथं पेट्रोल निंघन."

ऐन चहाच्या वेळी बयनाबाईनं आपल्या हातानं चुलीवर पाणी ओतलं. चर्र झालं.

फकिरानं कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली आणि भगवंतरावांना स्टार्टर मारायला सांगितलं. पिचकारी उडायला हवी होती. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून गळावं तसं थेंब थेंब पेट्रोल पडू लागलं.

"कचरा!" भगवंतराव म्हणाले.

"गप बसा जी," फकिरा म्हणाला. "आता पंपच बाजूले ठेवून पाहू. मावशीबाई, रिकामी कॅन हाये का?"

कॅनमध्ये पेट्रोल भरलं. टाकीकडून येणाऱ्या नळीला लाकडाची खुंटी ठोकली, आणि कॅनची नळी सरळ कार्बोरेटरला जोडली. फकिरा कॅन उंच धरून पायरीवर उभा राहिला. "खाली घ्या. आणि तळापासून वर चढवा."

"नारळ न फोडता?" प्रयागबाई ओरडली.

"नारळ न फोडता."

रणरणत्या उन्हात जीप मागं मागं तळाशी गेली आणि परत निघाली. आठजण श्वास धरून उभे. वीस पावलांची खूण आली. जीप खोकली नाही. फकिरा सलाईनची बाटली धरलेल्या नर्ससारखा उभा, आणि जीप टेंभुर्णीला वळसा घालून माथ्यावर. भगवंतराव खाली उतरले ते थेट बयनाबाईपुढं. त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

फकिरानं पंप सोडवला, वरचे स्क्रू काढले. निघालेला एकेक स्क्रू बयनाबाईनं थांबोबाच्या नारळाच्या करवंटीत जपून ठेवला. आतला काळा पडदा फकिरानं सूर्याकडं धरला. मधोमध केसाएवढी एक उजेडाची रेघ दिसली.

"हा पाहा तुमचा थांबोबा," तो म्हणाला.

सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिलं. बयनाबाईनं जास्त वेळ पाहिलं. एवढ्याशा चिरेतून तिच्या छपराखाली वर्षभर केवढी माणसं आली होती!

त्या दिवशी आठही माणसं कॅनवरच इंद्रवेल्लीला गेली. तिसऱ्या दिवशी फकिरानं आदिलाबादहून नवा पंप आणला आणि बयनाबाईच्या सावलीतच बसवला. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरलं. इंजिनाच्या आत पंपाची दांडी नेमक्या जागी टेकावी म्हणून त्यानं इंजिन हातानं थोडं थोडं फिरवलं, नवं पॅकिंग लावलं, दोन्ही बोल्ट सारखे आवळले. शेवटचा बोल्ट करवंटीतून देताना बयनाबाईचा हात जरा रेंगाळला.

"द्या ना, मावशी," भगवंतराव म्हणाले.

तिनं दिला.

आणि दुसऱ्या दुपारी तेच झालं जे व्हायचं होतं. तिनं सवयीनं मोठं भगोनं चढवलं होतं. लांबून जीपचा आवाज आला. चढावर आला. न खोकता, न अडखळता, तरण्या बैलासारखी जीप माथ्यावर गेली. भगवंतरावांनी हॉर्न वाजवला, हात हलवला, आणि उतारावरून आवाज लहान लहान होत गेला. जीप थांबली नाही म्हणून बैलगाडी थांबली नाही, गाडी थांबली नाही म्हणून सायकलवाला. अठरा माणसांचा चहा नवरा-बायकोनं दोन दिवस पुरवून प्यायला.

संध्याकाळी परतताना भगवंतराव मान खाली घालून आले.

"मावशी, राग नोको धरू. थांबावं तं वाटते. पण चढावर थांबलो की लोकं म्हणतीन पुन्हा बंद पडली. आताच तं गिऱ्हाइक वापस येऊन राह्यलं."

"नोको थांबू," बयनाबाई म्हणाली. "थांबासाठी काय भुवई जाळली मी?"

चौथ्या दिवशी तिनं खुंटीवरची गोफण काढली. दोरीची गाठ तपासत मचाणाची शिडी ती चढतच होती, तेवढ्यात चढावरून भलताच गलका ऐकू आला. जीप चालू होती, पण आतली माणसंच खोकत, ओरडत होती. प्रयागबाई काठीनं जीपचा पत्रा बडवत होती.

"थांबव मेल्या! चार दिवस झाले नारळ नाई, अंगारा नाई! माही बकरी आटली. याची छत्री बाजारात गेली. त्या नवरदेवाची हळद पुढं ढकलली. आनखी काय पाह्यजे तुले?"

"बुढे, तो पंप होता वं! देव नाई!" भगवंतराव काकुळतीला आले.

"पंपाले मी कधी नाई म्हणलं? नवा पंप कोणी देला? देवानं. मंग त्याच्या तोंडावरून धूर उडवत जातं? थांबव!"

जीप थांबली. भगवंतरावांनी आधी चहूकडं पाहिलं, कोणी बंद पडली समजत नाही ना म्हणून.

"इंजीन बंद कर," प्रयागबाई म्हणाली.

"इंजीन काऊन?"

"देवाले बंद इंजिनाची सवय हाये. गडगडाटात त्याले आयकू येत नाई."

इंजिन बंद झालं. एकोणीसजण उतरले, गिऱ्हाइक खरंच परतलं होतं. मागून सुधाकररावांची डिझेलची जीप आली, तीही गर्दी पाहून थांबली, आणि तिच्यातूनही कोणीतरी ओरडलं, "आमचा बी नारळ हाये!"

बयनाबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गोफण हातात धरून उभी होती. तिथूनच तिनं सांगायचा प्रयत्न केला. "अवं, मी सोता पडदा पाह्यला! चिरेतून सूर्य दिसे! देवाचं काई नाई त्याच्यात!"

"तुले कोण इचारलं, बयना?" प्रयागबाई म्हणाली. "तू चहा ठेव. घसा सुकला बोंबलून बोंबलून."

आधी जीप थांबायची म्हणून नारळ फुटायचा. आता नारळ फुटायचा म्हणून जीप थांबणार होती. तर्काला हे कसं वाटलं कोण जाणे. पण भगवंतरावांना आता लाज वाटायचं कारण उरलं नाही, कारण डिझेलची नवी कोरी जीपही तिथंच उभी होती. आणि चहा झाल्यावर त्यांनी स्टार्टरवर पाय ठेवताच पहिल्याच झटक्याला इंजिन बोललं, तेव्हा दोन्ही जीपमधल्या माणसांनी मिळून असा जयजयकार केला की टेंभुर्णीवरचे पक्षी उडाले.

पण तो जयजयकार पुढचा. त्याआधी, बयनाबाई शिडीवरून उतरत होती, चूल पेटवायची होती, दूध कमी होतं, कप धुतलेले नव्हते, आणि नवरदेवाची हळद पुढं का गेली हे पहिल्यापासून ऐकायचं होतं. एवढ्या सगळ्यात हातातल्या गोफणीचं काय करावं ते तिला सुचेना.

लक्ष्मणराव मक्यातून आले. त्यांनी तिच्या हातातून गोफण काढून घेतली, शिडीवर पाय ठेवला आणि तिच्याकडं न पाहता, तीस वर्षांतलं आपलं दुसरं वाक्य बोलले.

"पोपटायचं मी पाह्यतो."